शाकारणी

मर्ल यॉडर जानेवारीत येतो,
कारण जानेवारीत ओहायोतली छपरं
बर्फाखाली असतात आणि त्याच्या हाताला काम नसतं.
बाकीचे वसंतात येतात, झुंडीनं,
नवे बूट, नव्या दाढ्या,
जॉर्जियापासून मेनपर्यंत एका दमात.
हा वर्षाला तीन दिवस चालतो, फार तर चार.
चौदा हिवाळे झाले.
अजून व्हर्जिनिया दिसायचा आहे.

मी ओलेटा. एका खिंडीत सोडते, दुसऱ्या खिंडीतून उचलते.
माझा धंदा डोंगराच्या दोन टोकांचा,
मधला डोंगर मला ठाऊक नाही.
एकसष्ट वर्षं पायथ्याशी गेली,
वर जायचं काम काय पडणार?
गाय चुकली तरी खालीच सापडायची.

त्याची एक खोड आहे.
गेल्या साली जिथं थांबला तिथून तो निघत नाही.
पाठ फिरवून शंभर पावलं मागे जातो,
चाललेल्याच वाटेवर, मग वळतो.
पहिल्यांदा वाटलं, काही विसरला असेल.
म्हणाला, "मिस ओलेटा, कौलाला कौल नुसतं भिडवलं
तर पाणी आत येतं.
एकाची कड दुसऱ्यावर चढायला हवी."
मी म्हटलं, वाट कुठं गळते?
म्हणाला, "तेच तर बघत असतो."

यंदा मंगळवारी सोडला. गुरुवारी चारला यायचा होता.
चार वाजले. पाच.
खिंडीतल्या रोडोडेंड्रॉनची पानं
विडीसारखी घट्ट वळलेली.
आमच्याकडे थर्मामीटर कुणी बघत नाही,
इतकी बारीक विडी म्हणजे
बाटलीतलं पाणी तळापर्यंत दगड.
सहाला मी इंजिन बंद केलं,
थर्मास घेतला, टॉर्च घेतला,
नवऱ्याचे शिकारीचे बूट तीन मोज्यांवर चढवले
आणि त्या लाकडी पाटीच्या पलीकडे
जन्मात पहिल्यांदा पाय टाकला.

पांढऱ्या पट्ट्या बघत चला, असं मी सगळ्यांना सांगते.
सोपं आहे म्हणते.
वाऱ्यानं प्रत्येक बुंध्यावर बर्फ थापलेला,
पांढऱ्यावर पांढरं.
एकेका झाडाचं तोंड हातमोज्यानं पुसायचं,
शेंबड्या पोराचं पुसावं तसं,
आणि बघायचं, हे आपलं की दुसऱ्याचं.
अकरा पुसली.
सात दुसऱ्यांची निघाली.

बाराव्याशी तो बसला होता.
बुटाच्या नाड्या गोठून तार झालेल्या,
एक सकाळीच तुटलेली;
तंबूच्या दोरीनं बूट बांधत, सुटला की पुन्हा बांधत
अख्खा दिवस उतरत होता.
शिवी देत नाही तो, देवभोळ्या घरचा.
"दोरी जरा हट्टी आहे," एवढंच म्हणाला.
मी चांगलं झापायचं ठरवून आले होते,
पण दातावर दात वाजत होते, शब्द नीट लागेना.
कॉफीचं टोपण त्याच्या हातात दिलं.
ते उघडायला दोघांचे मिळून तीन हात लागले.

गाडीत हीटरपुढे त्याचे बूट,
काचांवर वाफ, ओल्या कुत्र्याचा वास.
त्यानं घडीवर फाटलेला नकाशा मांडीवर पसरला,
लाल पेन्सिलीनं खिंडीपर्यंत रेघ आणली,
मग पेन्सिल माझ्याकडे धरली.
"तुम्ही किती आलात?"
असेल अर्धा मैल, म्हटलं.
त्याच्या रेघेवरच काढली.
नखाएवढी आली. नखाएवढीसुद्धा नाही,
नखातल्या मळाएवढी.

पैसे मी पूर्ण घेतले.
पेट्रोल कुणी फुकट देत नाही.

पुढच्या जानेवारीत तो शंभर पावलं मागे जाईल
आणि त्यातलं प्रत्येक मी चढलेलं असेल.
बरोबर जाईन असं मी म्हणत नाही.
गुडघे आहेत, गाडीपाशी कुणी थांबायला हवं.
पण नवऱ्याचे बूट गॅरेजमध्ये परत गेले नाहीत,
सीटच्या मागे आहेत.
नाड्या नव्या घातल्या.
एक जोड जादा आणला.